आठ बटाट्यांची भट्टी

आमच्या खोलीच्या दारामागे एक खुंटी होती. त्या हिवाळ्यात तिच्यावर सव्वा महिना एक खाकी गणवेश टांगलेला होता. नवा, इस्त्री केलेला, दुकानाच्या पिशवीसकट. दार उघडलं की तो भिंतीला घासायचा आणि पिशवी वाजायची. गणवेश बाबांचा होता आणि बाबांनी तो एकदाही अंगाला लावून पाहिला नव्हता.

बाबा इंदूरच्या मिलमध्ये बॉयलरवर होते. कोळसा टाकणारा फायरमन म्हणून लागले, मग परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंट झाले. त्या परीक्षेचं सर्टिफिकेट हे आमच्या घरातलं पहिलं सर्टिफिकेट. लोखंडी पेटीत ते माझ्या मार्कशीटांच्या वर ठेवलेलं असायचं. मिल बंद झाली तेव्हा बाबा सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पीथमपूरला नवे कारखाने उभे राहत होते. तिथे ते सात-आठ ठिकाणी जाऊन आले. तिथले बॉयलर तेलावर चालायचे, बटन दाबलं की पेटायचे. एका गेटवर त्यांना सांगितलं, "कोयलेवाला आदमी नहीं चाहिए." घरी येऊन ते आईला म्हणाले, "कोळशाचा माणूस म्हणे. मी काय कोळशाचा आहे?"

"रंगावरून म्हणाला असेल," आई म्हणाली.

बाबा हसले, आणि मग जेवले नाहीत.

शेवटी मामानं एक नोकरी आणली. माझी शाळा बारावीपर्यंत इंदूरजवळच्या हातोद गावी झाली, मामाच्या घरी राहून. मिलच्या चाळीतल्या एका खोलीत मला अभ्यासाला जागा नव्हती आणि मामाच्या घरासमोर शाळा होती. मी शिकले त्यात मामाच्या घरातल्या कंदिलाचा आणि मामीच्या भाकरीचा मोठा वाटा आहे. त्यामुळे आमच्याकडे मामाचा शब्द सहसा कुणी मोडायचं नाही. ए. बी. रोडवर एक नवं शॉपिंग कॉम्प्लेक्स झालं होतं. तिथे गेटवर चौकीदाराची जागा होती. मामानं ओळखीनं ती बाबांसाठी धरून ठेवली आणि गणवेशही स्वतःच घेऊन आला. जानेवारीच्या पहिल्या तारखेला रुजू व्हायचं होतं.

"दाजी, खुर्ची मिळते, वर पंखा मिळतो. दिवसभर बसायचं. यात वाईट काय आहे?"

"वाईट काहीच नाही," बाबा म्हणाले.

खरंच काही वाईट नव्हतं. माझे आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते. खाकी कपड्याला आमच्या घरात नेहमीच मान होता. पण बाबांना बसता येत नसे. मिल बंद झाल्यापासून ते घरातल्या बसलेल्या प्रत्येक वस्तूला काहीतरी करत सुटले होते. स्टोव्ह तीनदा उघडून जोडला, पाण्याच्या टाकीला नवी तोटी बसवली, शेजाऱ्याच्या न मोडलेल्या सायकलीचं चाक सरळ केलं. आई म्हणायची, "मला हात लावू नका म्हणजे झालं, मी चालू आहे."

नोव्हेंबर संपत आला होता. त्याच सुमारास मेजरसाहेब आमच्याकडे आले.

मेजरसाहेब फौजेतून निवृत्त होऊन महूलाच राहिले होते. मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे मराठी बोलायचे, पण मधून मधून हुकूम सोडल्यासारखं. आजोबांच्या एका जुन्या सोबत्यानं त्यांना आमचा पत्ता दिला होता. तेव्हा आम्ही मिलची चाळ सोडून जुन्या इंदूरमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मागे थोडं अंगण होतं. मेजरसाहेबांनी अंगणात उभ्या उभ्या खिशातून एक फोटो काढला. फोटोत लोखंडाचं एक आडवं पिंप होतं, एका टोकाला जरा खाली जोडलेली पेटी आणि दुसऱ्या टोकाला चिमणी.

"अमेरिकेत कोर्सला गेलो होतो, तिथे हे बघितलं. ते लोक याला स्मोकर म्हणतात," ते म्हणाले. "आग या पेटीत. मांस त्या पिंपात. ज्वाळा मांसाला लागत नाही, नुसता धूर आणि ऊब आतून जाते. सहा-सहा तास ठेवतात. असं मटण मी जन्मात खाल्लं नाही. गेली पाच वर्षं मी माणूस शोधतोय. बनवाल?"

बाबांनी फोटो उन्हात धरला. बराच वेळ बघितला.

"साहेब, ही तर आडवी चिमणी आहे," ते म्हणाले. "मधे मटण ठेवायचं एवढंच."

"पोलादाचे पैसे माझे, हात तुमचे. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी येतो. त्यात मटण करून खायला घालायचं. जमलं तर माझ्या ओळखीचे बरेच फार्महाउसवाले आहेत, तुम्हाला काम कमी पडणार नाही. नाही जमलं तर भंगारात घालू."

ते गेल्यावर बाबा खोलीत आले आणि खुंटीकडे बघून आईला म्हणाले, "पहिल्या तारखेच्या आत हे जमलं तर मी तिकडे जाणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पॅन्टची उंची बघून ठेव. लांब वाटतेय."

एवढंच ठरलं. त्यानंतरचा महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मलाही यात माझं काही दिसत होतं, ते लपवत नाही. चौकीदाराच्या पगारात माझं तिसरं वर्ष कसंबसं झालं असतं. पण मला त्याहून जास्त भीती वाटायची ती बाबांना खुर्चीत बसलेलं बघण्याची.

पिंपासाठी बाबा भंगारवाल्याकडे गेले, मी सोबत होते. मिलची यंत्रं तोडून तिथे येत होती. दातेरी चाकं, पट्ट्यांच्या पुल्या, नळ्या, सगळं एका ढिगात. बाबा त्या ढिगात असे फिरत होते जसं कुणी लग्नघरात ओळखीचे चेहरे शोधत फिरतं. एका टाकीपाशी ते थांबले. माझ्या कंबरेपर्यंत जाडीची, माझ्याहून थोडी कमी लांबीची, दोन्ही टोकं फुगीर. त्यांनी तिच्या बुडाशी हात घातला आणि म्हणाले, "इथे एक ठिगळ असेल बघ."

ठिगळ होतं. आमच्याच मिलच्या कंप्रेसरची हवा साठवायची टाकी होती ती. ते ठिगळ बाबांसमोर बसवलं गेलं होतं.

"क्या देख रिये हो भिया, भंगार है," भंगारवाला म्हणाला.

"भंगार तुम्हारे लिए," बाबा म्हणाले. "ये तो हमारे साथ रिटायर हुई है."

टाकी हातगाडीवरून आली तेव्हा गल्लीतली माणसं बघायला जमली. आतमध्ये वर्षानुवर्षांचं तेल चिकटलेलं होतं. बाबांनी आधी ती पाण्यानं भरून ठेवली, रिकामी केली, टोकं कापून घेतली आणि मग एक अख्खा दिवस आत लाकडं जाळून ते तेल उडवलं. मिलमधल्या एका सोबत्याचं वेल्डिंग मशीन आणलं. ते सुरू झालं की शेजारच्या चार घरांतले बल्ब मंद व्हायचे. लोक खिडकीतून ओरडायचे, "ओ भाऊजी, सिरियल संपू द्या!" बाबा सिरियल संपू द्यायचे.

झाकण कापायची रीत मला अजून आठवते. बाबांनी खडूनं चौकट आखली आणि आधी एकच बाजू कापली. त्या बाजूला बिजागऱ्या वेल्ड केल्या आणि मगच उरलेल्या तीन बाजू कापल्या. "आधी सगळं कापलं तर पत्रा उसळतो, परत बसत नाही," ते म्हणाले. "हातातून सोडायच्या आधी धरून ठेवायचं." झाकण बंद केलं तेव्हा फटीत माझ्या केसातली पिनसुद्धा जाईना.

मग त्यांनी एका टोकाला आगीची पेटी जोडली, खाली चाकं लावली आणि वर चिमणी बसवली, आणि चूक चिमणीतच झाली.

ही चूक बॉयलरवाल्या माणसाचीच होती, दुसऱ्या कुणी केली नसती. मिलमध्ये चिमणीतून काळा धूर निघाला की इंजिनिअर खाली येऊन आरडाओरडा करायचा. धूर म्हणजे न जळालेला कोळसा, म्हणजे फायरमन झोपलाय. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं त्या चिमणीच्या टोकाकडे बघत काढली होती. त्यामुळे चिमणी म्हटल्यावर त्यांच्या हातून आपोआप उंच चिमणी झाली, नऊ फुटांची, टाकीच्या अगदी माथ्यातून काढलेली. आग पेटवली तशी ती घुमायला लागली. हवा खालून आत ओढली जात होती आणि पेटीतली लाकडं पांढरी होऊन जळत होती.

"ओढ बघ, बेटा! ओढ बघ!" बाबा ओरडले. मिल बंद झाल्यापासून त्यांचा असा चेहरा मी बघितला नव्हता.

पहिली परीक्षा कोंबडीवर करायची नाही असं आईनं बजावलं होतं. "आधी बटाटे," ती म्हणाली. सारख्या आकाराचे आठ बटाटे तिनं निवडून दिले आणि आम्ही ते जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीनं ठेवले. दीड तासानं झाकण उघडलं. आगीजवळचे दोन बटाटे कोळसा झाले होते. मधले ठीक होते. चिमणीखालचा शेवटचा बटाटा आईनं दाबून बघितला आणि माझ्या हातात दिला. तो बाजारातून आणल्यासारखा होता.

"तुम्हाला वाफ करायचीय की कोंबडी?" तिनं विचारलं.

बाबा आठ बटाट्यांसमोर उकिडवे बसले आणि उठलेच नाहीत. आईनं चहा आणून ठेवला, तो निवला. थोड्या वेळानं ते स्वतःशीच म्हणाले, "मी बॉयलर बांधला."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी आमच्या फिजिक्सच्या मॅडमना भेटले. आमचं कॉलेज भंवरकुआंकडे होतं. मॅडम जुन्या संस्थानी नोकरदार घराण्यातल्या, अत्यंत शिस्तीच्या. मला त्यांची धास्ती वाटायची. मी प्रयोगशाळेतला जास्त तापमानाचा थर्मामीटर महिनाअखेरपर्यंत मागितला.

"कशासाठी?"

"भट्टीसाठी, मॅडम."

"कसली भट्टी?"

"अशीच, स्वयंपाकाची," मी म्हणाले. मॅडम शाकाहारी होत्या, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

"खरं सांग. नाहीतर मिळणार नाही."

मी सगळं सांगितलं, मटणासकट. त्यांनी कपाट उघडलं, थर्मामीटर कापसात गुंडाळून डब्यात घातला आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"सही कर. मांसात खुपसायचा नाही, आत पारा असतो. हवेत धरायचा. आणि दोनच टोकं मोजू नकोस, मधलीही मोज. आकडे मला आणून दाखव."

त्या आकड्यांची वही माझ्याकडे अजून आहे. पाच ठिकाणी भोकं पाडून आम्ही थर्मामीटर आत सोडत होतो. आगीच्या टोकाला जेवढं तापमान होतं त्याच्या निम्मंही दुसऱ्या टोकाला नव्हतं. मॅडमनी आकडे बघितले आणि कागदावर टाकीचं चित्र काढून एक बाण ओढला, आगीपासून थेट माथ्यातल्या चिमणीपर्यंत. "गरम हवा वर चढते आणि वरच्या वर निघून जाते. तुमचं मटण खाली आहे. तिला तिथपर्यंत यायचं कारणच नाही."

मी तो कागद बाबांना दिला. मला वाटलं ते नाराज होतील, पोरगी शिकवते म्हणून. त्यांनी कागद भिंतीला डाळीच्या पिठानं चिकटवला, करवत घेतली आणि स्वतःची नऊ फुटी चिमणी कापायला बसले. सकाळपासून दुपारपर्यंत करवत चालली होती. मी म्हणाले, "मी थोडं करू का?" तर म्हणाले, "नको. ही मीच वाढवली होती."

चिमणी तीन फुटांची झाली. तिचं तोंड आत, खाली, जाळीच्या पातळीपर्यंत नेलं, म्हणजे गरम हवेला बाहेर पडायला मटणावरूनच जावं लागेल. आगीच्या तोंडापासून जाळीखाली आडवा जाड पत्रा बसवला, त्याला भोकं पाडली, आगीजवळ लहान, पुढे मोठी मोठी होत जाणारी. पुन्हा आठ बटाटे. या वेळी आठही शिजले. पहिला जरा जास्त, शेवटचा जरा कमी, पण आठही. त्या दिवशी आम्ही दोन्ही वेळा बटाटेच खाल्ले.

सगळं झालं असं वाटलं, तोच मेजरसाहेब बघायला आले. भट्टी पेटलेली होती. त्यांनी चिमणीकडे बघितलं.

"धूर कुठाय?"

"साहेब, लाकूड नीट जळतंय," बाबा म्हणाले.

"अहो, नाव काय या वस्तूचं? स्मोकर! मला धूर पाहिजे. तिकडे तर धूरच धूर असायचा."

गिऱ्हाईक म्हणतंय म्हटल्यावर बाबांनी मान डोलावली. बॉयलरवर वरच्याचं ऐकायची सवय. पुढच्या परीक्षेला आम्ही ओली लाकडं घातली, हवेची झडप जवळजवळ बंद केली. धूर असा निघाला की अंगण दिसेना. पांढरा, जाड, डोळे झोंबणारा. कोंबडी घातली होती. बाहेर निघाली ती चपलेच्या रंगाची. मी एक घास खाल्ला आणि तोंड कडू झालं, डांबर लागल्यासारखं. ते दुसऱ्या दिवसापर्यंत गेलं नाही.

त्याच वेळी मागच्या भिंतीवर एक डोकं आलं. भिंतीपलीकडे एका शेटजींचा शेवेचा कारखाना होता. शेटजी जैन, वयानं बाबांएवढेच, कधी कुणाशी वर आवाजात न बोलणारे. त्या दिवशी बोलले.

"क्या कर रिये हो भिया? मेरी पूरी सेव में धुएँ की बास आ री है! और उसमें पक क्या रिया है, वो तो मैं पूछ भी नी रिया!"

बाबांनी हात जोडले. शेटजी म्हणाले, पुन्हा असं झालं तर घरमालकाकडे जाईन. घरमालक त्यांच्याच ओळखीचा होता. म्हणजे आता भट्टी नाही जमली तर गणवेश, आणि धूर केला तर खोलीही जाणार.

बाबा दोन दिवस भट्टीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते लाकडांच्या ढिगापाशी बसलेले दिसले. ओली लाकडं बाजूला फेकली होती. कुठूनतरी जामाची, म्हणजे पेरूची, वाळकी लाकडं आणली होती आणि कुऱ्हाडीनं मनगटाएवढे तुकडे करत होते.

"साहेबांना धूर हवाय ना?" मी विचारलं.

"साहेबांना मटण हवंय," बाबा म्हणाले. "धुराचं मला विचार. पांढरा धूर म्हणजे लाकूड उकडतंय, जळत नाहीये. तो कडूच लागणार. लहान आग ठेवायची, पण जिवंत. धूर असतो, पण असा पातळ, निळसर. डोळे बारीक केले तर दिसतो. तेवढाच मटणाला लागतो." मग कुऱ्हाड खाली ठेवून म्हणाले, "हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साहेब बोलले म्हणून मी माझं माहीत असलेलं सोडलं."

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी सहाला त्यांनी आग पेटवली. सातला बकऱ्याची एक अख्खी मांडी आत गेली, मीठ, मिरी, लसूण आणि आईच्या हातचा थोडा मसाला लावून. बाबा पेटीसमोर विटेवर बसले. दर वीस मिनिटांनी एक तुकडा आत टाकायचा, दार दोन बोटं उघडं ठेवायचं. मी थर्मामीटर वाचून आकडा सांगायचे. झाकण उघडून बघायला मला आणि आईला सक्त मनाई होती.

दहाच्या सुमारास मामा आला. हातात काळे बूट होते. "नंबर आठच ना, दाजी?" त्यानं विचारलं. बाबांनी "आठच" म्हटलं आणि आगीकडे बघत राहिले. मामा बूट हातात घेऊनच उभा राहिला.

अकराला मेजरसाहेबांची जीप आली. उतरता उतरता त्यांनी चिमणीकडे बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"आग विझली काय?"

"नाही साहेब. चालू आहे."

"धूर कुठे दिसत नाही! मी मागच्या वेळी काय सांगितलं होतं? बंद करा ती झडप, ओलं लाकूड टाका." आणि ते स्वतःच झडपेकडे हात घालायला वाकले.

"साहेब, हात लावू नका," बाबा म्हणाले.

माझ्या आठवणीत बाबा कधी कुठल्या साहेबाला असं बोलले नव्हते. आवाज चढलेला नव्हता. मामाच्या हातातला एक बूट खाली पडला.

"काय म्हणालात?"

"वस्तू तुमची आहे. घरी नेल्यावर काय करायचं ते करा. एक वाजेपर्यंत ही माझी आहे. मटण खाऊन बघा. नाही आवडलं तर भंगारात घाला, मी स्वतः हातगाडीवर चढवून देईन."

"दाजी," मामा हळूच म्हणाला, "साहेबांना असं बोलतात का?"

मेजरसाहेब सरळ उभे राहिले. मला वाटलं, आता जीप सुरू होणार. त्यांनी घड्याळ बघितलं. "एक वाजता," ते म्हणाले, आणि आईनं पुढे केलेल्या खुर्चीत बसले. दोन तास ते तिथून हलले नाहीत. आईनं पोहे दिले ते खाल्ले. बाबांनी त्या दोन तासांत एकदाही त्यांच्याकडे वळून बघितलं नाही. वीस मिनिटं, एक तुकडा. वीस मिनिटं, एक तुकडा.

एक वाजता झाकण उघडलं. मांडी गडद तपकिरी झाली होती, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी. बाबांनी सुरी लावली तशी ती हाडापासून आपोआप सुटली. कापलेल्या कडेला, वरच्या थराच्या आत, बोटाच्या पेराएवढी गुलाबी रेघ होती. बाबा घाबरले, म्हणाले, "कच्चं राहिलं काय?"

मेजरसाहेब खुर्चीतून उठले होते. "नाही, नाही. हीच. हीच ती धुराची रेघ," ते म्हणाले आणि उभ्यानंच एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. तिसरा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळला, "मिसेसना." मग रुमालानं बोटं पुसत भट्टीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "चाकं आहेत, पण पुढे हुक लावा. जीपला बांधून नेतो."

मी आईकडे बघितलं. ती पदरानं ताट पुसत होती. ताट स्वच्छच होतं.

तेवढ्यात अंगणाच्या फाटकातून शेटजी आले. भट्टी पेटलेली आहे हे त्यांच्या माणसांनी सांगितलं होतं, आणि ते भांडायच्या तयारीनं आले होते. "आज फिर जला रिये हो?" म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि मधेच थांबले. चिमणीकडे बघितलं. नाकानं हवा ओढली. मग मटणाकडे पाठ करून उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "धुआँ किधर है?"

बाबांनी पेटीचं दार उघडून दाखवलं. आत लालभडक आग होती.

"इत्ता अंगार, और धुआँ नी?" शेटजी वाकून बघत राहिले. "मेरी भट्टी लंबी है, उसपे तीन कढ़ाई. पेली में तेल जल जाता है, तीसरी में सेव कच्ची। और धुआँ इत्ता के कारीगर टिकते नी. आप आके देखोगे?"

"चिमणी कुठून काढलीय?" बाबांनी मराठीतच विचारलं. शेटजींना कळलं. जुन्या इंदूरमध्ये सगळ्यांनाच कळतं.

"ऊपर से, एकदम. ऊँची, बढ़िया."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबलं.

मेजरसाहेबांनी भट्टी नेली. त्यांच्या फार्महाउसवाल्या ओळखींपैकी पुढे एकही जण आला नाही, आणि तशी भट्टी बाबांनी आयुष्यात पुन्हा केली नाही. कुणी मागितलीच नाही. लोखंडाची सहा तासांची भट्टी इंदूरमध्ये कुणाला हवी होती? पण शेव, फुटाणे, मिठाई यांच्या भट्ट्या गल्लोगल्ली होत्या आणि त्या सगळ्या धुरानं भरलेल्या होत्या. बाबांनी पुढची अठरा वर्षं त्या दुरुस्त केल्या. माझं तिसरं वर्ष त्यातच झालं, आणि पुढचं एम.एस्सी.ही. थर्मामीटर मी मॅडमना अखंड परत केला. त्यांनी रजिस्टरमधली माझी सही खोडली आणि विचारलं, "शिजलं का?" मी "हो" म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

गणवेश त्या रविवारीच खुंटीवरून उतरला. मामा जरा रुसला होता. "मी शब्द दिलाय तिकडे," तो म्हणाला. बाबांनी मिलमधल्या एका जोडीदाराचं नाव सुचवलं. त्याला दम लागायचा, उभं राहून काम होत नव्हतं, आणि त्याला खुर्ची खरोखर हवी होती. कपडे त्याला अंगाबरोबर बसले. बूट एक नंबर मोठे झाले, त्यात त्यानं कागद भरला.

पहिल्या तारखेला बाबा शेटजींच्या कारखान्यात गेले आणि संध्याकाळी लाल डोळे घेऊन परत आले. हातपाय धुतले, ताटावर बसले.

"भट्टी लांब आहे," ते मला म्हणाले. "तीन कढयांखाली सगळीकडे किती ऊब लागते ते आधी बघायला हवं. उद्या थर्मामीटर आण."

"तो परत केला, बाबा."

"मग आठ बटाटे घे."

"शेटजींकडे बटाटा चालत नाही," आई म्हणाली. "जैन आहेत ते. जमिनीखालचं आत नेऊ देणार नाहीत."

बाबांनी घास हातात धरून विचार केला.

"मग कच्ची केळी घे," ते म्हणाले. "सारख्या आकाराची. आठ."